प्रेंगच्या कुपीतलं तेल

दार बोटभर ढकललं तोच बिजागरी करकरली. झेफने हात मागे घेतला. समोरच्या अक्रोडाखाली बसलेल्या फ्रानने मान वर केली आणि मांडीवरची बंदूक उचलली.

“आई, घाल ना गं तेल हिला. हात जोडतो.”

“नाही.” द्रांदे पीठ मळत राहिली. “ती ओरडते म्हणून तू आत आहेस. आत आहेस म्हणून जिवंत आहेस.”

खोटं नव्हतं ते. छपराखालच्या माणसावर कुणी गोळी झाडत नाही. उंबरा ओलांडला की मोकळं रान. या डोंगरात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

आठ महिन्यांपूर्वी झेफ रक्ताळलेल्या बाहीने धापा टाकत याच दारातून आत आला होता. द्रांदेने भाकर-मीठ पुढे केलं आणि त्याने घास गिळल्यावर विचारलं, काय झालं. आधी भाकर, मग विचारपूस, आणि घरची भाकर खाल्ली त्याला जपायचं, इथली रीतच तशी. त्याने जमिनीकडे बघत सांगितलं होतं. तेव्हापासून तो बाहेर पडला नव्हता आणि तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“याला जगणं म्हणतेस?” झेफ भिंतीवर डोकं आपटत म्हणाला. “कोंबडी तरी अंगणात फिरते. मी आज जाणार. वाजू दे दार. घालू दे त्याला गोळी. सुटेन तरी!”

“तू सुटशील रे. उद्या तुझे चुलते फ्रानला उडवतील. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. मला नाही बघवत आता!”

तिने खिडकीतून पाहिलं. फ्रानची दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते. जन्मापासून ती त्याला बघत आली होती. गोवर आला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसली होती.

तिने पिठाचे हात झटकले आणि प्रेंगचा खण उघडला. वर भिंतीवर काळी फीत लावलेला प्रेंगचा फोटो होता. झेफ नेहमी त्या फोटोकडे पाठ करून बसायचा. खणात बंदुकीच्या तेलाची कुपी होती, अर्धी भरलेली.

झेफने दाराचा भार खांद्यावर घेतला. हातोडीला फडकं गुंडाळून तिने खालून हलके ठोके देत बिजागरीचा खिळा वर काढला. तो गंजून लाल झाला होता. तिने गंज पुसला आणि कोंबडीच्या पिसाने तेल सोडलं.

“हे प्रेंगचं तेल?” झेफने विचारलं.

“दारालाच लावतेय. नीट धर.”

दुसरी बिजागरीही झाली. दार हललं, आवाज नाही.

“दुपारी एक वाजता होडी सुटते तलावावरून,” ती म्हणाली. “पळू नकोस, चालत जा. पलीकडे उतरलास की इथलं नावही काढू नकोस. मी त्याला मागे विहिरीवर बोलावते.”

“तुझ्या हाकेला येईल तो?”

“येईल. भुकेला असतो.”

झेफ तिचा हात ओठांशी न्यायला वाकला. तिने हात सोडवून घेतला आणि अ‍ॅप्रनला पुसला.

चीजची पोळी घेऊन ती मागे गेली. “फ्रान! जेवायला ये!”

“मी आत नाही येणार!”

“आत बोलावलंय कुणी? बस इथे कठड्यावर.”

तो आला. तिने त्याला घराकडे पाठ करून बसवलं. पोळी हातात येताच तो तुटून पडला. मधेच थांबला.

“दार वाजलं का?”

“तुला कान नाहीत? वाजलं का?”

“नाही.”

त्याच्या खांद्यावरून ती पायवाटेकडे बघत होती. झेफची टोपी खालच्या वळणावर दिसली आणि झाडीत गेली. तिला रडू फुटणार होतं. तिने फ्रानच्या हातात दुसरी पोळी दिली.

“आई,” घास चावत फ्रान म्हणाला, “प्रेंगदादाला मारणाऱ्याला अजून किती दिवस आपल्या घरात जेवू घालणार आहेस तू?”