शिवणमावशीचा शत्रू

चिठ्ठी याही शुक्रवारी आली होती. शिवणमावशीनं मशीन चालवता चालवता ती एका हातानं उलगडली, आणि तिचा पाय थांबला.

चर्चच्या दारापाशी प्रार्थनापेटी होती. मन मोकळं करायचं असेल त्यानं बिननावाची चिठ्ठी टाकायची आणि वर एखादी खूण काढायची. फूल, मासा, काहीही. त्याच खुणेच्या पाकिटात उत्तर फळ्यावर टाचलं जाई, आणि ज्याचं त्यानं गुपचूप काढून न्यावं असा रिवाज होता. उत्तरं लिहायचं काम मावशीकडे होतं. तिचं अक्षर टपोरं होतं आणि पोटात गोष्ट राहायची.

या चिठ्ठ्यांवर मात्र नुसता गोल असायचा. टोकदार पेन्सिल, ओळख लपवायला काढलेली मोठी सुटी अक्षरं, आणि मजकूर असा की वाचणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावं. प्रार्थना छतापर्यंतच जातात. दफनाच्या वेळी बोलतात ते सगळं खोटं. आजाऱ्यासाठी गुडघे झिजवून कोण उठून बसलंय, दाखवा.

तो शेवटचा प्रश्न मावशीला फार लागला होता. तिचा नवरा चार वर्षं अंथरुणाला खिळलेला. तरी तिनं उत्तर लिहिलं: उठून बसला नाही, पण मी रोज उठतेय, ते कुणाच्या बळावर ते मला माहीत आहे.

अशी तीस उत्तरं झाली होती. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी हा सैतानाचा डाव ठरवून पेटीला कुलूप घालायचा घाट घातला होता. पाळकसाहेब सहसा कुणाला मोडता घालत नसत, पण त्या दिवशी म्हणाले, "पेटी राहू द्या. मावशी पुरून उरतील."

मावशीचा संशय समोरच्या घड्याळजीवर होता. बायको गेल्यापासून त्यानं चर्चकडे पाठ फिरवली होती, आणि येताजाता मावशीला विचारायचा, "काय, आज देवाचा फोन लागला का?" मावशी हसून म्हणायची, तुझ्या घड्याळांपेक्षा वेळेवर लागतो. आणि मनातल्या मनात त्याच्यासाठी प्रार्थना करायची. शत्रू असला तरी शेजारी होता.

पण खरं सांगायचं तर ती थकली होती. दर आठवड्याला कुणीतरी पायाखालची फळी ओढायचं आणि तिनं ती परत ठोकायची. शनिवारपर्यंत तिचीच श्रद्धा डगमगू लागे. मग रविवारी पाळकसाहेब झगा घालून उभे राहत. नेमकं तिला हवं तेच बोलत, कधी कधी तर तिच्याच मनातले शब्द. देव हा माणूस आपल्यासाठीच पाठवतो, असं तिला वाटे आणि डोळे भरून येत.

त्या झग्यावर तिचा जीव होता. तिनंच शिवलेला. वर्षाच्या सुरुवातीला साहेबांनी आत डाव्या बाजूला, छातीशी, खिसा मागितला होता. चष्म्यासाठी. उन्हाळ्यात तो मोठा करून घेतला. मावशीनं चेष्टा केली होती की साहेब, चष्मे किती आणि डोळे किती? ते नुसते हसले होते.

आजची चिठ्ठी दोन ओळींची होती. "लढून दमलो. रविवारी येणार नाही, पुन्हा कधीच नाही."

मावशीनं तीन कागद फाडले. एक माणूस हातातून निसटत होता आणि तिच्याकडे शहाणपणाचं काही उरलं नव्हतं. शेवटी तिनं जे होतं ते लिहिलं. "मीही दमलेय. माझ्याकडे उत्तर नाही. पण मी रविवारी पहिल्या बाकावर असेन. तुम्ही फक्त या. स्वतःच्या पायांवर उभं राहवत नसेल तर पाळकसाहेबांकडे बघा. मी तेच करते. त्या माणसाला शंका कधी शिवलीसुद्धा नसेल."

गोल काढून तिनं संध्याकाळी पाकीट टाचलं. शनिवारी सकाळी ते फळ्यावर नव्हतं. घड्याळजीनं दुकान उघडलं तेव्हा ती त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का बघत राहिली. तो मान खाली घालून स्प्रिंग बसवत होता.

दुपारी पाळकबाई घाईघाईनं आल्या. एका दफनाहून परतताना साहेबांचा झगा फाटकाच्या खिळ्यात अडकून बाही उसवली होती. ते दमून झोपलेत, म्हणून त्यांना न उठवताच खुंटीवरून काढून आणलाय, उद्या उपासनेला लागेल, असं सांगून त्या तशाच गेल्या.

मावशीनं बाही शिवली, इस्त्री तापत ठेवली. इस्त्रीआधी खिसे रिकामे करायची तिची सवय. चष्मा फुटायला नको म्हणून तिनं आतल्या खिशात अलगद हात घातला.

चष्मा नव्हता. घडी पडून मऊ झालेली एकतीस पाकिटं होती, प्रत्येकावर तिनंच काढलेला गोल. सगळ्यांत वरचं कालचं होतं, आणि त्यावर टोकदार पेन्सिलीनं, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलं होतं: "येतो."