लाल खूण

"दादा, मृण्मयीची टेस्ट काय म्हणते?" लिनक्स मंडळाच्या बैठकीत कुणीतरी विचारलं आणि श्रीरंगच्या पोटात दुखलं.

मंडळाच्या मराठी लिनक्सचं, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचं, प्रत्येक अपग्रेड आजवर तो आधी स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून बघायचा. त्यानं 'करा' म्हटल्याशिवाय कुणी बटणाला हात लावत नसे. आता काल आलेल्या त्या पोरीनं लिहिलेली टेस्ट चहा होईपर्यंत सगळं आपोआप तपासते, सगळ्यांच्या स्क्रीनवर हिरवी नाहीतर लाल खूण दाखवते, आणि मंडळींच्या तोंडी तिचंच नाव!

आज तर त्यानंच लिहिलेल्या मराठी कीबोर्डच्या प्रोग्रामला लाल खूण लागली होती.

"दादा, एकदा बघता का? जोडाक्षरं तुटतायत," मृण्मयी म्हणाली.

"तुझी टेस्टच चुकलीय," म्हणत त्यानं लाल खूण डावलली आणि 'करा' असं लिहून अपग्रेड सगळ्यांना पाठवून दिलं. तेव्हा कुठे जिवाला गार वाटलं.

सकाळी फोनवर फोन आले. सगळ्यांची जोडाक्षरं तुटली होती. फक्त स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्याची बायको बिनघोर टाइप करत बसली होती.

"तुझं कसं चालू आहे?" त्यानं विचारलं.

"मी अपग्रेड केलंच नाही," ती म्हणाली. "लाल होतं ना!"