पत्रांची झडप

दारातल्या पत्रफटीची पितळी झडप खट्‌कन वाजली आणि दुपारची शांतता मोडली. पत्र मात्र पडलं नाही.

आमच्या गल्लीत घंटा कोणी वाजवत नाही. भिंतीला भिंत लागलेली घरं. शेजारीण झडप उचलते आणि तिथूनच हाक मारते. पलीकडच्या मॉरीनने पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "पोरी, झडप वाजली की लगेच 'या आत' म्हणायचं. नाहीतर शिष्ट म्हणतील हो तुला!"

माझी लेक टिली जिन्यात बसून जॅम-टोस्ट खात होती. सासूबाईंच्या घरातल्या एका खोलीत ती रांगायला शिकली. तिला पळता यावं म्हणून हे घर घेतलं. आमचं, स्वतःचं. म्हणून मी मोठ्या हौसेने ओरडले, "या आत!"

कोणी आलं नाही. झडप पुन्हा वाजली.

"मॉरीन, पुरे हं चेष्टा," म्हणत मी दाराशी वाकले आणि झडप उचलून बाहेर पाहिलं.

समोर गल्ली नव्हती. आमचाच जिना होता, आम्ही नुकतीच रंगवलेली पिवळी भिंत, खाली टिलीचे लाल गमबूट. माझ्या मानेवर पावसाचे बारीक थेंब पडू लागले.

टिली पायरीवरून उठली आणि झडपेपाशी येऊन माझ्याकडे बघू लागली. तिच्या मागे, स्वयंपाकघरातून, माझाच आवाज आला, "कोण आलंय गं, राणी?"

टिलीने एकदा मागे पाहिलं. मग जॅमने माखलेलं तोंड फटीशी आणून ती हळूच म्हणाली,

"आई, तिला काय सांगू?"