वरच्या मजल्याचं पाणी

पूर ओसरल्यावर घर वाळवून द्यायला आलेल्या मुजावरने मशीन सुरू केलं. भिंतीत मुरलेलं पाणी जिथून आलं असेल, त्यानुसार त्याचा वेगळा रंग भिंतीवर उमटू लागला. कमरेपर्यंत नदीचा तपकिरी रंग चढला. वत्सलाबाई मगदूम मात्र छतावरच्या जुन्या डागाकडे बघत होत्या.

त्या डागावरून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या चौगुल्यांशी बोलणं टाकलं होतं. "तुमच्या न्हाणीचं पाणी आमच्या डोक्यावर गळतंय," असं भर सोसायटीत सुनावलंही होतं. तरी पुरात चौगुल्यांनीच त्यांना हाताला धरून वर नेलं, घरी ठेवून घेतलं. डागाचं कुणी नावही काढलं नाही.

आता छतावर निळी रेघ उमटली आणि सरकत सरकत वत्सलाबाईंच्याच माळ्यावरच्या टाकीला जाऊन भिडली.

"वरचं नाही हे, काकू. तुमचीच टाकी झिरपतेय," मुजावर म्हणाला. "ओढून घेतो सगळं. संध्याकाळपर्यंत डागाची खूणही राहणार नाही."

त्याने बटणाकडे हात नेला.

"जरा थांबा," वत्सलाबाई म्हणाल्या. जिन्यापाशी जाऊन त्यांनी वर हाक मारली, "चौगुले वहिनी, खाली येता का? हे पुसायच्या आधी तुम्ही बघायला हवं."