देवदूताने आणलेला झगा

मुलांनो, समजा तुम्ही बारा वर्षांचे आहात. चार वर्षं घर पाहिलेलं नाही, आणि आज वडील पाच हातांच्या अंतरावर उभे आहेत. पण त्यांना मिठी मारायची नाही. मध्ये उभं राहून फक्त दुभाष्याचं काम करायचं.

आयबिकेचं तसंच झालं होतं. पेचेनेग नावाच्या भटक्या घोडेस्वार टोळीच्या सरदाराची ही मुलगी कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात ओलीस होती. सुईने खरखरीत झालेली बोटं तिने बाहीत लपवली होती.

"असा झगा द्या," तिचे वडील तोराय समोर टांगलेल्या सम्राटाच्या सोनेरी झग्याकडे बोट दाखवत म्हणाले, "तरच आमचे घोडे तुमच्या शत्रूंवर, बल्गारांवर जातील."

तिने ते ग्रीकमध्ये सांगितलं. कारभारी लिओन्तिओसने मांडीवरचं जाड हस्तलिखित उघडलं. शेजारच्या लोकांशी कसं वागावं, हे सम्राटाने आपल्या मुलासाठी त्यात लिहिलं होतं. मागितलेलं कसं नाकारावं, तेही.

"त्याला सांग, हा झगा माणसाने शिवलेला नाही. देवदूताने आणलाय. परक्याने हात लावला तर रोगाने मरेल." मग तो हळूच म्हणाला, "नीट सांग हं. त्याला पटलं, तर आजच तू त्याच्याबरोबर घरी."

आयबिकेने शब्दन् शब्द सांगितला.

तोराय एक पाऊल मागे सरले. "देवदूताने? मग नको गं बाई! झग्यावाचूनच लढू आम्ही. कधी निघायचं, विचार."

तिने ते सांगताच कारभाऱ्याला हसू आवरेना. त्याने पान उलटलं. "बघ, तुमचं मूळ काय लिहिलंय. मुलखातून हाकललेले, दुसऱ्याच्या जमिनीवर बसलेले. हावरट. काहीही सांगा, यांना पटतं. हेही सांग की बापाला!"

"सांगते," आयबिके म्हणाली. "पण आधी पुस्तकातली चूक दुरुस्त करा."

"सम्राटाच्या पुस्तकात चूक? घरी जायचंय ना तुला?"

"जायचंय. पण माझ्या बापाला मूर्ख बनवून नाही."

ती सरळ झग्याकडे चालत गेली.

"हात लावू नकोस!" तोराय ओरडले. "मरशील, पोरी!"

आयबिकेने झग्याचा काठ धरला, उलटा केला आणि वडिलांना दाखवला. आतल्या बाजूला, गेल्या हिवाळ्यात हा झगा शिवताना तिनेच लाल धाग्याने टाचलेलं, त्यांच्या टोळीच्या घोड्यांच्या पुठ्ठ्यावर डागतात ते चिन्ह होतं.