लायसन परत मिळाल्याबद्दल

"दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झालीय कधी? लायसन निलंबित झालंय?" विमा एजंट चंदना मगदूमनं मोबाइलवरचा फॉर्म वाचत विचारलं.

"न्हाय," गणपतराव म्हणाले, आणि गाडीच्या टपावर उगाच एक फडकं मारलं.

धडधडीत खोटं. वरातीहून परतताना नाक्यावर पोलिसांनी तोंडात मशीनची नळी दिली होती. कोर्टात दंड झाला, लायसन सहा महिने गेलं. ते कालच परत हातात पडलं होतं. तोवर गाडी दारात ताडपत्रीखाली उभी, आणि विमा कधी संपला ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

आता मात्र घाई होती. लेक संयोगिता गडहिंग्लजला सासरी बाळंत झाली होती. मुलगी झाली. उद्या सकाळी दवाखान्यातून डिस्चार्ज आणि तिथनं थेट माहेरी. फोनवर तिनं बापाला बजावलं होतं, "आण्णा, सगळं कागद पुरं असलं तरच या. न्हायतर मी एसटीनं येतो पोरीला घेऊन." आणि ती आली असती. पाच दिवसांचं पोर मांडीवर घेऊन खुशाल एसटीत बसली असती, पण बापाच्या गाडीत बसली नसती.

त्यात चंदनानं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं, की शिक्षा झालेली असली तर फाइल वरच्या साहेबाकडं जाते. कधी तासात सुटते, कधी चार दिवस. मग गणपतरावांच्या तोंडातून दुसरं काय येणार?

विमा मधेच तुटलेला, म्हणून कंपनीला गाडीचा व्हिडिओ हवा होता. एका दमात, न थांबता, गाडीभोवती पूर्ण चक्कर. चंदना पुढच्या नंबर प्लेटपासून निघाली. डावी बाजू झाली. मागच्या काचेपाशी आली आणि तिचा हात तिथंच राहिला.

काचेच्या मागं, कोपऱ्यावरच्या खांबावर, दहा फुटी फ्लेक्स चढत होता. काळा गॉगल लावलेले गणपतराव, शेजारी डरकाळी फोडणारा वाघ, आणि खाली हाताएवढी अक्षरं: 'आमचे मार्गदर्शक मा. गणपतराव (आण्णा) यांना सहा महिन्यांनंतर लायसन परत मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त मित्रमंडळ.'

शिडीवरून मित्रमंडळातला महिपती ओरडला, "कसं वाटलं, सरकार? सरप्राइज हाय."

शुभेच्छुकांचे अकरा चेहरे खाली ओळीनं छापले होते. त्या रात्री हेच अकरा जण ग्लास भरत होते. गाडीची किल्ली यांनीच हातात दिली होती. कोर्टाच्या दारात यातलं एक कुत्रं फिरकलं नव्हतं.

"काका," चंदना म्हणाली, "हे व्हिडिओत आलंय."

"दुसरा काढा की मग. या अंगानं."

"काढता येतो. फॉर्मपण हाय तसा पाठवता येतो. पण वाटेत काय झालं, तर हेच खोटं दाखवून कंपनी हात वर करणार. उद्या गाडीत कोण कोण हाय?"

गणपतराव मनात म्हणू लागले. बायको, पूर्णिमा. लेक, संयोगिता. तिसरीला अजून नावच ठेवलेलं नव्हतं.

ते फडक्याचा पिळा करत उभे राहिले.

"व्हय लिवा," शेवटी म्हणाले. "तारीखपण घाला. कोर्टाचा कागद आणून देतो. आणि व्हिडिओ हाय तसाच जाऊ द्या. फ्लेक्ससकट."

पायरीवर लसूण सोलत बसलेली पूर्णिमा हसायलाच लागली. सूप मांडीवरून घसरलं, पाकळ्या अंगणभर झाल्या, तरी तिचं हसू थांबेना.

महिपती शिडीवरून उतरून आला. तोंड एवढंसं झालेलं. "वयनी, आमचं काय चुकलं का?"

"कोर्टाची वाट चुकली, भावजी," पूर्णिमा डोळे पुसत म्हणाली. "आता आलायसा तर लसूण गोळा करा."

आणि मार्गदर्शकांचा शुभेच्छुक गुडघ्यावर बसून अंगणात लसूण वेचू लागला.

चंदनानं साहेबाला फोन लावला. "साहेब, व्हिडिओ बघितला? व्हय, ते त्यांचंच तोंड. व्हय, स्वतःच पाठवा म्हणालेत. हसताय काय, सगळ्या ऑफिसला नंतर दाखवा. आधी फाइल सोडा. बाळंतीण आणायचीय माणसाला."

चहा झाला, दुसरा झाला. तिसरा उकळत असताना तिचा मोबाइल वाजला. हप्ता थोडा चढला होता, पण पॉलिसी आली होती.

गणपतरावांनी ती तशीच लेकीला पाठवली. मिनिटभरात तिचा फोन.

"आण्णा, खरं लिवलंय, का दडवलंय?"

"खरं लिवलंय. कंपनीनं माझा फोटोपण बघितला." मग त्यांनी फ्लेक्सची सगळी हकिकत सांगितली, वाघासकट.

पलीकडून आधी हसू आलं. मग मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज.

"मागची शीट पुसून ठेवा," संयोगिता म्हणाली. "पोरगी तिथं बसणार हाय."

सकाळपासून गाडी त्यांनी बाहेरून तीनदा धुतली होती. आता बादलीत नवं पाणी घेतलं, मागचं दार उघडलं आणि अर्धे आत शिरले. बाहेर नुसते पाय दिसत होते. चपला त्यांनी खालीच काढल्या होत्या.