प्रश्न पाचवा

नर्सनं बायकोच्या चेहऱ्यावर चादर ओढली आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. लेकीचा होता. आई दवाखान्यात गेल्यापासून ती रोज शाळेतून आली की फोनवर दोघांना विज्ञानाचे पाच-पाच प्रश्न विचारायची. आधी बाबा, मग आई.

पहिले तीन त्यानं कसेबसे सोडवले.

प्रश्न चौथा. "सगळ्यात तापलेला ग्रह?"

"बुध."

"शुक्र. बाबा, लक्ष कुठंय तुझं?"

प्रश्न पाचवा. "सूर्य आत्ता विझला, तर आपल्याला कधी कळेल?"

"आठ मिनिटांनी."

"आणि तोवर?"

"तोवर ऊन पडलेलंच असतं, बाळा."

"पाचात चार. ढ आहेस. आता आईला दे."

"आणखी एक विचार ना मला," तो म्हणाला. "मोठ्या उत्तराचा."